एकयान मंदिराच्या दारावरची फुले : झांग सेंगयौच्या एका कामाचा अभ्यास

चिनी चित्रकलेच्या इतिहासात सहाव्या शतकातला चित्रकार झांग सेंगयौ याचे नाव बहुतेक वेळा ड्रॅगनच्या गोष्टीबरोबर येते. ज्यानकांग, म्हणजे आजचे नानजिंग, येथील आनल मंदिराच्या भिंतीवर त्याने चार पांढरे ड्रॅगन रंगवले आणि डोळ्यांतली बुबुळे तेवढी भरायची ठेवली. भरली तर ते उडून जातील, असे तो सांगत असे. लोकांना हे थोतांड वाटले. त्यांनी आग्रह धरला, त्याने दोघांचे डोळे पुरे केले आणि विजांच्या कडकडाटात भिंत फुटून ते दोघे आभाळात गेले, उरलेले दोन जागच्या जागी राहिले. चित्रकाराची कीर्ती केवढी होती याचा अंदाज या गोष्टीवरून येतो. पण त्याने भिंतीवर नेमके काय केले, कोणते रंग घेतले आणि पाहणाऱ्याला काय दिसले, हे तिच्यातून कळत नाही. ते कळते, निदान त्रोटकपणे, त्याच्या नावावर असलेल्या दुसऱ्या एका कामाच्या नोंदीतून. ते काम म्हणजे एका बौद्ध मंदिराच्या दारावर रंगवलेली फुले होत.

नोंद काय सांगते

ही नोंद थांग राजवटीच्या काळातील (618–907) श्यू सुंग या लेखकाने आठव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ज्यानकांगच्या इतिहासात आहे. इ. स. 537 च्या सुमारास ल्यांग राजवंशाचा सम्राट वू याचा सहावा मुलगा, शावलिंगचा राजपुत्र श्याव लुन, याने राजधानीत एक मंदिर बांधले. ‘एकयान’, म्हणजे बुद्धाचे सर्व मार्ग अखेर एकच, या महायान संकल्पनेचे नाव त्याला दिले होते. या मंदिराचे दार फुलांनी भरून काढलेले होते. श्यू सुंग लिहितो की ही फुले झांग सेंगयौच्या हातची असल्याचे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. ती भारतातून आलेल्या पद्धतीने, हिंगुळाचा लाल, निळा आणि हिरवा अशा रंगांत काढलेली आहेत. लांबून पाहिले की डोळे चक्रावतात आणि फुले खोलगट-उंचवट दिसतात, जवळ जाऊन पाहिले की पृष्ठभाग सपाट. लोकांना याचे मोठे नवल वाटले आणि त्यांनी मंदिराचे नावच ‘खोलगट-उंचवट मंदिर’ असे पाडून टाकले.

एवढीच ती नोंद. आकाराने ती लहान असली तरी तिच्यात तंत्र आहे, रंग आहेत, अंतर आहे आणि प्रेक्षकाची प्रतिक्रियाही आहे. चित्रासमोर उभा राहणारा माणूस पुढे-मागे सरकून खात्री करून घेतो, असे वर्णन त्या काळच्या कलाविषयक लिखाणात फार क्वचित सापडते. बहुतेक समीक्षक चित्रकारांना श्रेणी लावण्यात गुंतलेले असत. इथे मात्र पाहण्याची क्रियाच टिपली गेली आहे.

मंदिर बांधणाऱ्या राजपुत्राविषयी एक शब्द इथेच लिहून ठेवावा, कारण ‘धर्मनिष्ठ दाता’ असे जे चित्र मनात उभे राहते ते त्याला लागू पडत नाही. दक्षिणी राजवंशांच्या इतिहासात त्याची एक हकिकत आहे. प्रांताधिकारी असताना तो वेष बदलून बाजारात हिंडत असे. एकदा त्याने वाम मासे विकणाऱ्याला ‘इथला अधिकारी कसा आहे?’ असे विचारले, त्या बिचाऱ्याने ‘तापट आणि जुलमी’ असे उत्तर दिले, तेव्हा याने त्याला जिवंत वाम गिळायला लावून ठार केले. मंदिर बांधण्यामागे पुण्यसंचयाची निकड होती की बापाची मर्जी राखण्याची, हे वाचकाने ठरवावे.

चित्रकार आणि त्याचा धनी

मर्जी राखण्याचे कारण सबळ होते. सम्राट वू याने 502 ते 549 अशी तब्बल सत्तेचाळीस वर्षे राज्य केले आणि या काळात ज्यानकांगला त्याने बौद्ध राजधानीचे रूप दिले. 519 मध्ये त्याने बोधिसत्त्वव्रत घेतले. 527 पासून एकाहून अधिक वेळा राजवस्त्रे उतरवून तो थोंगताय मंदिरात सेवक म्हणून जाऊन राहिला आणि मंत्र्यांनी प्रचंड रक्कम मंदिराला भरून त्याला परत आणले. ग्वो झूशेन नावाच्या अधिकाऱ्याने त्याला दिलेल्या तक्रारवजा निवेदनात राजधानीत पाचशेहून अधिक मंदिरे आणि एक लाखाहून अधिक भिक्षु-भिक्षुणी असल्याचे म्हटले आहे. आकडा निवेदनातला आहे, तेव्हा त्यात थोडा फुगवटा धरायला हरकत नाही. तरीही रंगवायच्या भिंतींची वाण नव्हती, हे त्यावरून दिसते.

या भिंतींचे काम सम्राट बहुतांशी झांग सेंगयौकडे देत असे. सेंगयौ वू नावाच्या प्रदेशातला. तियानज्यान कालखंडात (502–519) तो वूलिंगच्या राजपुत्राच्या पदरी होता, पुढे राजग्रंथालयात चित्रविषयक कामकाजाचा प्रमुख झाला आणि शेवटी उजव्या सेनेचा सेनापती व वूशिंगचा सुभेदार या पदांपर्यंत पोहोचला. ही पदे बहुधा मानाची असली, तरी ती एका चित्रकाराला मिळावीत यातून दरबारात त्याचे वजन कळते. नवव्या शतकातील कला-इतिहासकार झांग यानयुआन सांगतो की दूरच्या प्रांतांत नेमलेल्या मुलांची आठवण आली की सम्राट सेंगयौला सरकारी डाकेच्या घोड्यांवरून पाठवत असे. तो त्यांची चित्रे काढून आणी आणि ती पाहताना सम्राटाला मुलगा समोर बसल्यासारखे वाटे. सेंगयौनंतर लवकरच लिहिणारा समीक्षक याव झुई त्याच्याविषयी म्हणतो की स्तूप आणि मंदिरे रंगवण्यात तो सर्व कारागिरांच्या पुढे होता, देशोदेशीच्या माणसांच्या चेहऱ्यामोहऱ्यांचे मर्म त्याला गवसले होते, आणि रात्रीचा दिवस करून त्याने कित्येक दशके काम केले तरी तो कंटाळला नाही. त्याचे दोन मुलगे, शानग्वो आणि रूथोंग, हेही चित्रकारच झाले.

त्याच्या निसर्गचित्रणाविषयीची प्रसिद्ध कथा रुनझौ, म्हणजे आजचे झनज्यांग, येथील शिंगग्वो मंदिराची आहे. तिथे कबुतरे तुळयांवर बसून मूर्ती घाण करत. सेंगयौने पूर्वेच्या भिंतीवर एक ससाणा आणि पश्चिमेच्या भिंतीवर एक शिक्रा काढला, दोघांच्याही माना वळलेल्या आणि नजर वळचणीबाहेर लागलेली; तेव्हापासून कबुतरे फिरकली नाहीत. ही कथा थांग काळातली आहे आणि ड्रॅगनच्या गोष्टीइतकीच ती ऐकीव आहे. तरीही या कथा कोणत्या बाबतीत एकमेकींशी जुळतात ते पाहण्यासारखे आहे. ड्रॅगन भिंत सोडून जातात, ससाणा कबुतराला खरा वाटतो, राजपुत्राचे चित्र समोर बसलेल्या माणसासारखे भासते, फुले दारातून वर येतात. याच्या चित्रातली वस्तू पृष्ठभागावर राहत नाही, ही एकच गोष्ट लोक त्याच्याबद्दल वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत राहिले. दारावरच्या फुलांची नोंद त्यांतली एकमेव अशी आहे, जी चमत्काराचा आधार न घेता हा परिणाम कशामुळे झाला ते सांगते.

भारतातून म्हणजे कोठून

‘भारतातून आलेली पद्धत’ म्हणजे रंगाच्या गडद-फिक्या छटांनी आकाराला गोलाई देणे. आपल्याकडे या पद्धतीला वर्तना म्हणतात. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात तिचे तीन प्रकार दिले आहेत, त्यांतले पत्रजा आणि बिंदुजा हे दोन अनुक्रमे पानाच्या शिरांसारख्या रेषांनी आणि ठिपक्यांनी छटा देण्याचे होत. प्रत्यक्षात ती पाहायची तर अजिंठ्याला जावे. वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे कोरवले. त्या पिढीत रंगलेल्या लेण्यांत ही वर्तना पूर्ण भरात आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या नाकाच्या दांडीवरची उजळ रेघ आणि गालाच्या कडेला गडद होत जाणारा रंग सगळ्यांच्या परिचयाचा आहे, पण आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने मान वर करून छत पाहणे अधिक उपयोगाचे. तिथे चौकटी-चौकटींत कमळे, कळ्या, फळे आणि पक्षी भरलेले आहेत, आणि पाकळीचा रंग देठाकडून कडेकडे बदलत गेल्यामुळे ती वळलेली दिसते.

म्हणून ज्यानकांगच्या दारावर अजिंठ्याची फुले उमलली असे म्हणण्याचा मोह मराठी वाचकाला होणे साहजिक आहे. तो आवरावा. अजिंठ्याचा कोणी कलाकार किंवा कोणता नमुना ज्यानकांगला पोहोचल्याचा पुरावा नाही, आणि ही पद्धत एकट्या अजिंठ्याची मालमत्ताही नव्हती. खुश्कीच्या मार्गाने ती चीनच्या वायव्य सीमेवर शतकभर आधीच आली होती. दुनहुआंगच्या मोगाव लेण्यांत पाचव्या शतकातल्या आकृत्यांभोवती आज जे काळे जाड पट्टे दिसतात, ते मुळात कातडीच्या रंगाच्या छटा होत्या. रंग काळवंडल्यामुळे त्यांचे पट्टे झाले आणि नाक-डोळ्यांवरचे पांढरे ठिपके तेवढे उठून राहिले.

ज्यानकांगचा संपर्क मात्र मुख्यतः समुद्राचा होता. ल्यांग राजवंशाच्या इतिहासानुसार तियानज्यानच्या आरंभी मध्य भारताच्या राजाचा दूत पत्र घेऊन आला होता; त्या राजाचे जे नाव चिनी लिपीत उतरले आहे ते ‘गुप्त’ या नावाशी जुळवले जाते. सम्राटाचा आणखी एक मुलगा श्याव यी, जो स्वतः चित्रकार होता, त्याने परदेशी दूतांची चित्रमालिका काढली. तिची 1077 मधली एक अपुरी नक्कल बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिच्यात बारा दूत उरले आहेत. त्याहून महत्त्वाचा पुरावा याव झुईकडे मिळतो. त्याने आपल्या यादीत तीन परदेशी भिक्षु चित्रकारांची नावे दिली आहेत आणि चिनी व परकी शैली निराळ्या असल्यामुळे यांची श्रेणी ठरवता येत नाही, असे म्हणून त्यांना बाजूला ठेवले आहे. म्हणजे पद्धत शिकवू शकणारे हात दक्षिण चीनमध्ये हजर होते.

आणखी एक दुवा आहे, आणि तो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. 443 मध्ये, म्हणजे दार रंगवले जाण्याच्या शंभरएक वर्षे आधी, मध्य भारतातून समुद्रमार्गे आलेल्या गुणभद्राने ज्यानकांगमध्येच लंकावतार सूत्र या महायान ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. त्यात एक दृष्टान्त आहे : चित्राच्या पृष्ठभागावर उंच-सखल असे काही नसते, पण अज्ञ जन त्यात उंच-सखल कल्पितात, जगाचेही तसेच. संस्कृत पाठात हीच कल्पना ‘निम्नोन्नत’, म्हणजे खोल-उंच, या शब्दाने मांडलेली आहे. सूत्र रचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर छटांनी उठाव आणलेली भारतीय चित्रे होती, म्हणून त्याला हा दृष्टान्त सुचला. रेषेने बांधलेल्या सपाट रंगांच्या चित्रांवर वाढलेल्या ज्यानकांगच्या वाचकाला मात्र तो ऐकून पटवून घ्यावा लागला असेल. एकयान मंदिराच्या दाराने तो दृष्टान्त त्यांच्यापुढे आणून उभा केला. आत जाणारा उपासक लांबून उंचवटे पाहतो, दारापाशी येतो, उंचवटे नाहीसे होतात. सेंगयौच्या किंवा राजपुत्राच्या मनात हे सूत्र होते असा दावा मी करत नाही. पण त्या शहरातल्या शिकलेल्या भिक्षूला दारापुढे उभे राहून ते आठवले नसेल, हे मानणे अवघड आहे.

हात कोणाचा

नोंदीवर किती विसंबावे, हा प्रश्न टाळता येत नाही. श्यू सुंग घटनेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी लिहितो आहे आणि फुले सेंगयौची असल्याचे ‘सांगितले जाते’ असेच म्हणतो आहे. शिवाय त्याच परिच्छेदात तो सांगतो की ल्यांगच्या अखेरीच्या बंडाळीत मंदिराला आग लागली आणि ल्यांगनंतरच्या छन राजवटीतील मंत्री ज्यांग झोंग याने आपली अभ्यासिका मंदिराला दिली, तीच सध्याची इमारत होय. ज्या मंदिराची मूळ वास्तू जळाली त्याचे दार मात्र वाचले का, की नंतर कोणी जुन्या पद्धतीने ते पुन्हा रंगवले, हे या मजकुरावरून ठरत नाही. 589 मध्ये उत्तरेकडच्या स्वेई राजवटीच्या सैन्याने ज्यानकांग घेतल्यावर शहराची मोडतोड झाली, हेही विसरून चालणार नाही.

दुसऱ्या बाजूला, सम्राट मंदिरे रंगवण्याचे काम सेंगयौलाच देत होता, बांधणारा सम्राटाचा मुलगा होता, काळ आणि स्थळ जुळते. माझ्या मते अख्खे दार एका माणसाने रंगवले असण्याचा संभव तसाही कमीच. दरबारी चित्रकार आराखडा आणि पद्धत ठरवतो आणि हाताखालची माणसे भरणी करतात, ही मंदिर रंगवण्याची नेहमीची रीत. सेंगयौच्या देखरेखीखालचे काम, इतपत म्हणणे सुरक्षित आहे. पडताळून पाहायला त्याची अस्सल म्हणता येईल अशी एकही कलाकृती आज उरलेली नाही. पंचग्रह आणि अठ्ठावीस नक्षत्रांच्या देवतांचे जे गुंडाळीचित्र ओसाकाच्या संग्रहालयात आहे ते त्याच्या नावाशी जोडले जाते, पण ते नंतरचे आहे. रेषेविना नुसत्या रंगांनी काढलेली निसर्गदृश्ये त्याच्या नावावर चढवली गेली तीही उत्तरकाळात.

दारावरच का

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. सेंगयौने बुद्ध काढले, बोधिसत्त्व काढले, भारतीय भिक्षूंची चित्रे काढली. पण भारतीय उठावाची पद्धत वापरल्याची स्पष्ट नोंद आहे ती फक्त फुलांची, आणि तीही दारावरची. आकृतिचित्रांबद्दल समीक्षक बोलतात ते त्याच्या कुंचल्याबद्दल : एक ठिपका, एक फटकारा, प्रत्येकाचे कसब वेगळे, जणू भाले आणि तलवारी, एक-दोन फटकाऱ्यांतच रूप उभे राहते आणि मध्ये जागा सुटली तरी आशय सुटत नाही. हे वर्णन छटांचे थर चढवणाऱ्या कारागिराचे नाही.

त्या काळी चित्राची परीक्षा कशी होई हे पाहिले की याचा उलगडा होतो. त्याच ज्यानकांगमध्ये, सेंगयौच्या ऐन उमेदीच्या आगेमागे, श्ये ह या समीक्षकाने चित्रकलेचे सहा नियम मांडले. त्यांत पहिला नियम प्राणमयतेचा, दुसरा कुंचल्यातून उतरणाऱ्या ‘हाडा’चा म्हणजे रेषेच्या बळाचा; रंगलेपनाचा क्रमांक चौथा. थांग काळात झांग ह्वायग्वान याने तीन जुन्या श्रेष्ठांची तुलना करताना म्हटले की गू कायझीला आत्मा साधला, लू थानवेईला हाडे आणि सेंगयौला मांस. हा गौरवच होता, पण उतरत्या पायऱ्यांचा. छटांनी उठाव आणणे हे मांसाचे काम. त्यात रेषा झाकली जाते, आणि रेषा झाकली की हातातले बळ दिसत नाही. बुद्धाच्या चेहऱ्यावर असा प्रयोग करणे म्हणजे ज्या निकषावर आपली प्रतिष्ठा उभी आहे तोच सोडून देणे. दारावरच्या वेलबुट्टीला तो निकष कोणी लावत नव्हते. तिथे नवल करून दाखवायला मोकळीक होती, आणि ते केल्यावर लोकांनी मंदिराचे नाव बदलण्याइतकी दाद दिलीही.

लोकांची दाद आणि जाणकारांची मान्यता या दोन वाटा इथे फुटतात. सेंगयौची कीर्ती थांग काळात वाढतच गेली. दरबारी चित्रकार यान लीबन जिंगझौला त्याचे जुने काम पाहायला गेला तेव्हा पहिल्या दिवशी म्हणाला, नाव उगाच झालेले दिसते. दुसऱ्या दिवशी म्हणाला, अलीकडच्यांत बरा हात आहे. तिसऱ्या दिवशी त्याने मान्य केले की एवढे नाव फुकट होत नाही, आणि मग दहा दिवस तो त्या भिंतीखालीच मुक्काम करून राहिला. थांग काळातील थोर चित्रकार वू दाओझी याला तर सेंगयौचा पुनर्जन्म म्हटले गेले. पण या वारशात घेतली गेली ती विरळ, वेगवान रेषा. 845 मध्ये सम्राट वूझोंगने देशभरातील मंदिरे पाडली, तेव्हा मंत्री ली दयू याने स्थापलेले रुनझौचे कानलू मंदिर वाचले आणि परिसरातील मंदिरांच्या चित्रित भिंती उचलून तिथे आणल्या गेल्या. झांग यानयुआनने त्यांची यादी दिली आहे. तिच्यात सेंगयौचे बोधिसत्त्व दहा भिंतींवर आहेत. फुलांच्या दाराचा उल्लेख नाही.

पद्धतीचे पुढे काय झाले

मध्य आशियातील खोतानकडून आलेल्या यूची यीसंग या चित्रकाराने सातव्या शतकात थांगांची राजधानी छांगआन येथील त्सअन मंदिरात अशीच उठावाची फुले काढल्याची नोंद आहे, आणि तिथेही ती परकी करामत म्हणूनच गणली गेली. मात्र वास्तूंची सजावट करणाऱ्या कारागिरांनी ही पद्धत आपलीशी केली. दुनहुआंगच्या थांगकालीन लेण्यांत छताच्या मधोमध असलेली कमळे आणि कडेच्या पट्ट्या पाहाव्यात : एकाच रंगाच्या तीन-चार छटा शेजारी-शेजारी, फिक्यातून गडदात जाणाऱ्या.

सुंग राजवटीच्या दरबाराने 1103 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ली ज्ये याने सिद्ध केलेल्या बांधकामाच्या नियमावलीत तर तिची रीतसर कृतीच आहे. या ग्रंथाचा एकयान मंदिराशी साडेपाच शतकांचा अंतराय आहे, तरी रंग तेच तीन आहेत : निळा, हिरवा आणि हिंगुळाचा लाल. छटा मिळवायला वेगळा रंग मिसळावा लागत नसे. निळा दगड कुटून, वाटून पाण्यात निवळला की सगळ्यांत बारीक भुकटी सर्वांत फिकी निघते आणि जाडी वाढत जाईल तसा रंग गडद होतो, म्हणजे एकाच दगडातून चार पायऱ्या हाती येतात. कृती अशी : फिक्यापासून आरंभ करावा, मग क्रमाने तिसरा निळा, दुसरा निळा, मग गडद निळा लावावा आणि त्याच्या आत दाट शाईने मध्य दाबावा, हिरव्यासाठी मध्यावर वनस्पतीचा गडद रस चढवावा, आणि लालासाठी लाखेचा गडद रंग.